पोळ्यानंतरची तारीख

सकाळचे साडेआठ वाजलेत. केसपेपरच्या खिडकीपासून निघालेली रांग पत्र्याच्या शेडमधून बाहेर उन्हात आलीय. एप्रिल संपत आलाय. फरशीला आत्ताच चटका आहे. रांगेत माणसं कमी आणि चपला जास्त आहेत. ज्यांच्या कडेवर लेकरू आहे त्यांनी चपलेनं जागा धरलीय आणि लिंबाच्या सावलीला जाऊन टेकल्यात. रांग सरकली की मागचा कुणीतरी पायानंच चार चपला पुढं सारतो. चपलांवरून भांडण होत नाही. खिडकीपाशी कुणी मधे घुसलं, तर मात्र होतं.

बीड जिल्ह्यातला हा मोठा दवाखाना. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, सगळीकडून माणसं आलीत. पहाटेच्या एसटीनं निघालेली. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं एका लेकरामागं आई, आजी आणि एखादी मावशी अशा तिघी दिसतात. बाप कुठं कुठंच. फडक्यात बांधलेल्या भाकरी, ठेचा, दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या.

आज लहान मुलांचे सर्जन बाहेरून येणार आहेत. ते रोज नसतात. शिवाय साखर कारखान्यांचा पट्टा पडलाय, हंगाम संपलाय. दसरा-दिवाळीला ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडून, बेळगाव-बागलकोटकडून महिन्याभरात परतल्यात. पाच-सहा महिने अंगावर काढलेलं दुखणं आता दवाखान्याची पायरी चढतंय. मोठ्यांचंही आणि लेकरांचंही.

लिंबाखाली एका आजीच्या मांडीवर दहा महिन्यांचा मुलगा आहे. हातपाय वाळलेले. पोट मात्र ताणलेलं, चकचकीत. कातडीखालून निळ्या शिरा दिसतात. झबल्याचे खालचे बंद बांधता येत नाहीत, सोडूनच दिलेत. बेंबीच्या भोवती काळपट गोल ठिपके आहेत. बिब्ब्याचे. तो रडत नाहीये. रडायला लागणारी ताकद त्याच्यात नाही, असं वाटतं.

"जन्मल्यापासनं असंच हाय," आजी सांगते. "देठ घातलं तर होती. न्हाई तर आठ-आठ दिस न्हाई."

देठ म्हणजे विड्याच्या पानाचं. एरंडेलात बुडवून बाळाच्या शीच्या जागी हलकेच घालायचं. मराठवाड्यातल्या घराघरात हा उपाय आहे. बहुतेक बाळांना त्याची गरज एक-दोनदाच पडते आणि मग सगळे विसरून जातात. या मुलाला तो दहा महिने रोज लागतोय. देठानं भागेना तेव्हा साबणाची वात झाली, मग मेडिकलमधून आणलेलं औषध झालं, मग बिब्बा. प्रत्येक उपायानं थोडी शी झाली. थोडी झाली म्हणूनच दहा महिने निघाले.

ओपीडीच्या व्हरांड्यात एकच पंखा फिरतोय, त्याच्याखालच्या बाकावर सात जणी बसल्यात. बाकीच्या भिंतीला पाठ लावून खाली. भिंतीला पाठीच्या उंचीवर एक लांब तेलकट पट्टा पडलाय, वर्षानुवर्षं टेकलेल्या डोक्यांचा. दारावर शिपाई मामा उभा आहे. हातातले केसपेपर नंबरानं लावतो, नाव पुकारतो, नाव चुकलं की गाव पुकारतो. गाव पुकारल्यावर लोक लवकर उठतात.

आत टेबलावर वजनकाटा, हातमोज्यांचा खोका, जेलीची ट्यूब. डॉक्टर केसपेपर बघायच्या आधी विचारतात, "पहिली शी कधी झाली?"

आई आजीकडं बघते. आजी छताकडं.

"जन्मल्यावर पहिली काळी, चिकट शी असते ना, ती. त्याच दिवशी झाली? दुसऱ्या? तिसऱ्या?"

"मी शुद्धीत कुठं व्हते," आई म्हणते. बाळंतपण घरीच झालेलं. गावी, रात्री. मग ट्रॅक्टर बघून सरकारी दवाखान्यात. आजी बोटं मोजते. "चौथ्या दिशी. त्यातबी देठानं. आन् हिरवं वकलं व्हतं."

डॉक्टर लिहून घेतात. दिवस भरून जन्मलेल्या दहांतल्या नऊ बाळांना पहिली शी चोवीस तासांत होते, उरलेल्या जवळजवळ सगळ्यांना अठ्ठेचाळीस तासांत. त्यापलीकडं गेली की थांबून बघायला हवं. हिरवी उलटी झाली तर त्याच दिवशी. एवढ्या दोन गोष्टी बाळंतिणीच्या खाटेपाशी कुणी विचारल्या असत्या, तर हे मूल इथं दहा महिन्यांचं होऊन आलं नसतं. डॉक्टर हे बोलत नाहीत. मला मात्र इथं उभं राहिलं की हेच दर वेळी वाटतं.

मुलाला कुशीवर निजवलंय. मोजा घातलेली करंगळी जेली लावून आत जाते. आत घट्ट आहे, रिकामंही. बोट बाहेर येताच वारा आणि पातळ शी एकदम सुटते, कागदावर, टेबलाच्या कडेवर, डॉक्टरांच्या मनगटावर. खोलीत वास भरतो. दवाखान्यातली मावशी खिडकी उघडते. पोट डोळ्यांदेखत दोन बोटं खाली गेलंय.

"उतरलं!" आजीचा चेहरा उजळतो. "बघा, उतरलं की!"

डॉक्टर हात धूत धूत मान हलवतात. ही सुटका नव्हे, ही खूण आहे. खालच्या भागात आतडं सैल होत नाही. बोटानं तेवढ्यापुरती वाट मोकळी केली. संध्याकाळी पोट परत वर येणार.

समोरच्या बोळातून एक्स-रेकडं जाता येतं. तिथं चार वर्षांचा एक मुलगा थंडगार टेबलावर पडलाय. खालून पांढरं औषध चढवून फोटो काढतात, बेरियमचा. बाप शिशाचा जड कोट घालून त्याचे पाय धरून उभा आहे. कोटाखाली घामानं निथळलाय. "झालं, झालं," असं त्याचं चाललंय, झालेलं नसताना.

फोटो दिव्याच्या पेटीवर लागतो. वर फुगून रुंद झालेलं आतडं, खाली एकदम निमुळतं होत गेलेलं आणि मग बारीक. नरसाळं धरावं तसं. बाप फुगलेल्या भागावर बोट ठेवतो. "इथं बिघाड हाय न्हवं?"

तज्ज्ञांनाही कैक वर्षं असंच वाटत होतं. कोपनहेगनच्या एका बालरोगतज्ज्ञानं 1886 साली बर्लिनच्या परिषदेत अशा दोन बाळांची हकिगत मांडली. दोन्ही बाळं वर्षाची व्हायच्या आत गेली होती. त्याचंच नाव आजाराला पडलं, हर्शस्प्रंग. फुगलेलं आतडं हाच रोग असं धरून डॉक्टर पुढं उपचार करत राहिले आणि मुलं दगावत राहिली. रोग फुगलेल्या भागात नाही, खालच्या बारीक, साध्या दिसणाऱ्या भागात आहे, हे नीट उलगडायला विसाव्या शतकाचा मध्य यावा लागला. तो खालचा भाग काढून वरचं निरोगी आतडं गुदद्वारापर्यंत ओढून जोडायचं, हे ऑपरेशन बॉस्टनच्या सर्जननी 1948 साली छापून प्रसिद्ध केलं.

तंत्रज्ञ बापाचं बोट धरतो आणि खाली नेतो. "बिघाड इथं. वरचं बिचारं जोर लावून लावून फुगलंय."

बाप बराच वेळ फोटोकडं बघत राहतो. मग खिशातला मोबाइल काढून त्याचा फोटो काढतो. घरी दाखवायचा म्हणतो. कोट काढल्यावर त्याच्या सदऱ्यावर कोटाच्या आकाराचा घाम उमटलेला आहे.

जिन्याखाली योजनेचं टेबल. वर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक, खाली आरोग्यमित्र, त्याच्यापुढं कागदांची चळत आणि गर्दी. पिवळं, केशरी रेशनकार्ड चालतंच. शेतकरी आत्महत्यांचे म्हणून गणले गेलेले जे 14 जिल्हे आहेत त्यांत बीड आहे, म्हणून इथल्या शेतकऱ्याचं पांढरं कार्डसुद्धा पूर्वीपासून धरतात. पूर्वी वर्षाला दीड लाखापर्यंतचा खर्च मिळायचा, आता मर्यादा पाच लाख आहे. पैशाचा प्रश्न बराचसा या टेबलावर सुटतो. कागदाचा इथंच अडतो. मुलाचं नाव कार्डावर चढलेलं नाही. जन्म कर्नाटकात झालाय, दाखला अर्धा कानडीत. आधारवर आईचं माहेरचं आडनाव. आरोग्यमित्र चिडत नाही. एक कोरा कागद काढतो, काय काय आणायचं त्याची यादी करून देतो आणि तलाठ्याकडं जाऊ नका, आधी ग्रामसेवकाला गाठा, असं वर सांगतो. यादी घेतलेली बाई ती घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवते. परत गावाला जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस.

वॉर्ड पहिल्या मजल्यावर. जिना चढताना जंतुनाशकाचा वास लागतो, वर गेल्यावर दुधाचा आणि ओल्या कपड्यांचा. गॅलरीच्या कठड्यावर जुन्या साड्यांचे, धोतराचे तुकडे वाळत घातलेत. शेकडो. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या ठेवल्यात.

ते तुकडे कशाचे, ते आत गेल्यावर कळतं. पाचव्या खाटेवर सव्वा वर्षाची मुलगी बसून बिस्किट खातेय. आई तिचा फ्रॉक वर करते. पोटाच्या डाव्या बाजूला लालभडक, ओलसर, दोन रुपयांच्या नाण्याएवढा गोल. आतड्याचं तोंड. शी आता इथून येते. अशी वाट पोटावर काढून दिली की फुगलेलं आतडं हळूहळू मूळ आकारावर येतं, लेकरू खायला लागतं, अंग धरतं. मग पुढचं ऑपरेशन.

वाटेवर चिकटवायच्या पिशव्या मिळतात. पण उन्हाळ्यात घामानं त्या सुटतात, आणि विकत आणायच्या तर रोजच्या रोज परवडत नाहीत. म्हणून साडीचे तुकडे. घडी करून वाटेवर ठेवायची, वरून ओढणीच्या पट्टीनं कंबरेला बांधायची, भरली की बदलायची. दिवसाला दहा-बारा. ही आई ते इतक्या सफाईनं करते की बोलता बोलता घडी बदलून होते, मुलीचं बिस्किट सांडत नाही. भोवतीची कातडी मात्र सोललीय. सिस्टर झिंकचं मलम लावून दाखवते. आधी पुसायचं नाही, टिपायचं. पूर्ण कोरडं झालं की मग मलम, जाड थर.

ही वाट नोव्हेंबरात काढलेली. पुढचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं होतं. फेब्रुवारीत ती उसाच्या फडात होती. आई पाचट बाजूला करून मोळ्या बांधायची आणि मुलगी बांधावर, झोळीत. पाचटाची कुसं ओल्या आतड्याला चिकटायची. पाणी टँकरचं, मोजून. "लई रडली तर आतडं बाहेर यायचं, एवढं," ती वीतभर हात दाखवते. "भिजलं फडकं धरून बसायचे मी. दम खाल्ला की आत जायचं."

फेब्रुवारीची तारीख का चुकली, हे तिला कुणी विचारत नाही. इथं सगळ्यांना माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांच्या नावानं मुकादमाकडून उचल घेतलेली. एक जण उठून गावाकडं आला की खाडा पडतो, आणि खाडा उचलीत चढतो.

या वॉर्डात मुली कमी आहेत. काही अंशी आजारच तसा आहे. साधारण 5000 जन्मांमागं एका बाळाला होतो, आणि मुलींच्या चौपट मुलग्यांना. तरीही खाटा मोजताना या जिल्ह्याचा 2011 च्या जनगणनेतला आकडा डोक्यातून जात नाही. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागं 807 मुली. पाचव्या खाटेवरच्या मुलीचं बिस्किट संपलंय. ती रिकामा पुडा उलटा करून झटकते.

तिची आई मला डॉक्टर समजते. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला काहीतरी सांगितलंय. ती विचारते, "मी पोटुशी असताना मोळ्या वाहिल्या. त्यानं झालं का?"

मी बाजूला होतो. राउंडवर आलेल्या डॉक्टर बाई खाटेच्या कडेवर बसतात.

"किती महिन्यांची होतीस तेव्हा?"

"सहावा, सातवा."

"हे त्याच्या आधीच झालेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात." त्या स्वतःच्या गळ्यापासून पोटापर्यंत बोट फिरवतात. आतड्याला हलवणाऱ्या मज्जापेशी गर्भात तोंडाच्या बाजूनं खाली उतरत जातात, पाचव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत. काही बाळांत त्या वाटेतच थांबतात. जिथं थांबल्या त्याच्या खालचं आतडं मुकं राहतं, शी पुढं ढकलत नाही. "मोळीनं होत नाही. खाण्यानं होत नाही. नजरेनं तर नाहीच. घरी कुणी म्हणालं तर मला फोन लावून दे."

"सासू म्हणती."

"मग सासूलाच लावून दे."

खाटेभोवतीच्या दोघी-तिघी हसतात. तीही हसते, पदर तोंडाला लावून. डॉक्टर बाई उठताना मुलीच्या पोटाला हात लावून बघतात. मऊ आहे.

वॉर्डाच्या टोकाला पडदा लावलेल्या कोपऱ्यात धुलाई शिकवणं चाललंय. ज्यांचं पोटावरचं ऑपरेशन टाळता येईल, किंवा पुढं ढकलायचंय, त्यांच्या आयांना हे शिकावं लागतं. मऊ रबरी नळी, मोठी सिरिंज, सलाईनची बाटली, पाटी. सिस्टर बाटली उचलून दाखवते. "हे. नळाचं पाणी नाही, बोअरचं नाही, नुसतं उकळलेलंसुद्धा नाही. साधं पाणी आतड्यातून अंगात शोषलं जातं, लेकराला झटके येतात. सलाईनच." नळीला जेली. हळूहळू आत, अडली तर जोर नाही. वीस मिलि सोडायचं, सिरिंज काढायची, नळीतून वारा आणि घाण पाटीत येऊ द्यायची. जेवढं गेलं तेवढं परत आलं का, बघायचं. परत वीस. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत.

शिकणारी मुलगी विशीचीसुद्धा नसावी. पहिल्यांदा तिचा हात थरथरतो आणि नळी निसटते. दुसऱ्यांदा जाते. पाटीत बुडबुडे येतात, मग हिरवट पाणी, मग बरंच काही. बाळाचं पोट खाली बसतं आणि बाळ जांभई देतं. मुलगी सिस्टरकडं बघते.

"रोज?"

"रोज. सकाळी न चुकता. आणि ताप आला, पोट टम्म झालं, घाण वासाची पातळ शी सुटली, तर धुलाई करून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी इकडं. रात्र असली तरी."

या शेवटच्या वाक्यावर सिस्टरचा आवाज चढतो. आतडं सुजतं, विष अंगात भिनतं आणि दोन दिवसांत मूल हातचं जातं. या आजारातले मृत्यू बहुतेक असेच होतात. ऑपरेशन झाल्यावरही हा धोका काही काळ राहतोच, म्हणून ती प्रत्येकीकडून ही तीन लक्षणं बोटांवर मोजून म्हणवून घेते. ताप, टम्म पोट, घाण पातळ शी. मुलगी म्हणते. परत म्हण. परत म्हणते.

बारा वाजून गेलेत. अपघात विभागाच्या दारात 108 उभी आहे, इंजिन चालू. दोन दिवसांचं बाळ संभाजीनगरला न्यायचंय. इथून बीड, गेवराई करत जायला दोनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळपासून हिरवी उलटी. नाकातून पोटात नळी घातलीय, तिच्या टोकाला लावलेल्या पिशवीत हिरवं पाणी साठतंय. बाप सलाईनची बाटली उंच धरून गाडीत चढतो, दुसऱ्या हातानं सासूला वर ओढतो. बाळंतीण मागं राहिलीय, टाके ओले आहेत. बाळ कापसात आणि दुपट्यात गुंडाळून छातीशी धरा, ऊन असलं तरी बाळ गार पडतं, असं सिस्टर खिडकीतून ओरडून सांगते. या बाळाला कुणीतरी वेळेत ओळखलं. दोन दिवसांत. काय ते संध्याकाळपर्यंत कळेल.

ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर बाकं नाहीत. माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर बसलीत, मधली वाट सोडून. बाहेर उन्हानं चाळिशी ओलांडलीय, आणि आत एसी बंद आहे. तान्ह्या बाळाचं ऑपरेशन असलं की एसी बंद करतात, खाली गरम गादी घालतात. सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, सगळे घामाघूम. बाळाला मात्र थंडी वाजता कामा नये.

आत काय चाललंय, ते पायऱ्यांवरच्या लोकांना एका चिठ्ठीवर काढलेल्या चित्रावरून समजावलंय. आतड्याचे बारीक तुकडे घ्यायचे, मज्जापेशी कुठपासून दिसतात ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, तिथपर्यंतचं निकामी आतडं काढायचं, चांगलं ओढून खाली आणायचं, शीच्या जागेच्या किंचित वर शिवायचं. दहांतल्या आठ मुलांत निकामी तुकडा शेवटचा, आखूडच असतो. लवकर ओळखलं, पोट फार फुगलेलं नसलं, तर सगळं एकाच वेळी आणि खालूनच करता येतं. ही पद्धत मेक्सिकोच्या सर्जननी 1998 साली प्रसिद्ध केली. पोटावर एक टाका पडत नाही. आत आता जे मूल आहे त्याचं तसंच चाललंय. दीड महिन्याचं आहे. गावातल्या आशाताईनं तिसऱ्या दिवशी विचारलं होतं, शी झाली का म्हणून.

आशाताई स्वतः आलीय. पायरीवर आईच्या शेजारी बसलीय. तिचं काम गावात पडून आहे, फोन सारखा वाजतोय, ती कापतेय.

अडीचच्या सुमारास दार उघडतं. सिस्टर स्टीलच्या वाटीत काढलेला तुकडा घेऊन येते. तो नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. बोटाएवढा, फिका. बाप वाकून बघतो. "एवढंच?" म्हणतो. मग भिंतीला धरून खाली बसतो. आशाताई त्याच्या हातात पाण्याची बाटली देते.

चार वाजता परत ओपीडी. आता फेरतपासणीवाले. इथला आवाज वेगळा आहे, कारण इथली मुलं पळतात. सहा वर्षांचा एक जण बाकावरून उड्या मारतोय. त्याची आई वहीत रोजच्या शीची नोंद ठेवते. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे दिवसातून दहा-दहा वेळा, ढुंगण सोलून रक्त यायचं, खोबरेल लावून लावून रात्री काढल्या. आता दोनदा-तीनदा. कधी कधी शाळेत चड्डी भरते. दप्तरात जादा चड्डी आणि पिशवी असते. बाईंना सांगून ठेवलंय, त्या मागच्या दारानं पाठवतात. सगळीच मुलं शंभर टक्के बरी होतात असं नाही. कुणाला परत बद्धकोष्ठ होतं, कुणाला आवरत नाही. वर्षानुवर्षं यावं लागतं. ही बाई येते. तिची वही तिसरी आहे.

शेवटी तारखेचं टेबल. दहा महिन्यांच्या मुलाचं कुटुंब परत आत आलंय. आता बापही आहे. दिवसभर बाहेर कुठंतरी होता. मुलाचं वजन साडेपाच किलो.

"एकदम मोठं ऑपरेशन झेपणार नाही," डॉक्टर सांगतात. "या आठवड्यात पोटावर वाट काढू. तुकडे तपासायला तेव्हाच घेऊ. मग त्याला खाऊपिऊ घाला. आठ किलोच्या वर गेला की खाली जोडू." ते रजिस्टर उलटतात. "दिवाळीनंतरची तारीख देतो."

"दिवाळीला आमी इथं नसतो," बाप म्हणतो.

"टोळी कधी निघते?"

"दसरा झाला की."

डॉक्टर पानं मागं उलटतात. बोट खाली खाली येतं. "पोळा झाल्यावरचा मंगळवार. दसऱ्याच्या आत घरी जाल. पण नंतर पंधरा दिवसांनी हे सुरू करावं लागतं." ते ड्रॉवरमधून एक गुळगुळीत स्टीलची कांडी काढून टेबलावर ठेवतात. जोडलेली जागा आवळू नये म्हणून रोज घालायची. काही महिने. धुलाई लागली तर तीही. आणि पोट फुगलं की त्याच दिवशी दवाखाना.

आई कांडी हातात घेऊन बघते. "पाचटाच्या कोपीत व्हईल का ह्ये?"

डॉक्टर हो म्हणत नाहीत. "उकळलेलं पाणी लागेल. स्वच्छ जागा लागेल. दवाखाना तासाभरावर लागेल."

ती नवऱ्याकडं वळते. "मग मी औंदा येत न्हाई."

"अर्ध्या कोयत्याला कोण उचल देतंय? मे महिन्यात बहिणीचं लगीन हाय. उचल घ्यावीच लागंल."

डॉक्टर पेन धरून थांबलेत. मामा दारातून डोकावून जातो. आजी मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते.

"मी जाते कोयत्यावर," ती म्हणते. "तीस वर्सं तोडलाय ऊस. हिला ऱ्हाऊ दे लेकरापाशी. मुकादमाला मी सांगते."

बाप काही बोलत नाही. डॉक्टर रजिस्टरमध्ये नाव घालतात, केसपेपरवर तीच तारीख लिहून तिच्याखाली रेघ मारतात, आणि कांडीसाठी कुणाकडं जायचं ते आईला सांगतात.

सिस्टर केसपेपर उचलते. "चला, आधी रक्त तपासायला. तळमजला, सात नंबर, पाचला बंद होतं. आणि ह्याचं पोट परत वर आलंय बघा. रक्त दिलं की सरळ वॉर्डात या, रात्री धुलाई करून घेऊ."